त्रेत्याकोव्हबद्दल थोडं

'श्रीमंतांचं कलाप्रेम म्हणजे प्रतिष्ठेची हौस' असं म्हटलं जातं, पण मला ते सरसकट पटत नाही. मॉस्कोचा पावेल त्रेत्याकोव्ह (1832-1898) बघा. घरचा व्यापार कापडाचा, रशियातल्याच कोस्त्रोमा शहरात तागाच्या (लिननच्या) कापडाची गिरणी. 1856 पासून त्याने रशियन चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली. विशीतला पोरगा होता तेव्हा!

मला त्याची नजर फार मोठी वाटते. आपल्या काळातले लेखक, संगीतकार कसे दिसत होते हे पुढच्यांना कळावं म्हणून त्याने मुद्दाम व्यक्तिचित्रं करवून घेतली. चित्रकार पेरोव्हने 1872 साली काढलेला कादंबरीकार दस्तयेव्हस्की त्यातलाच. गडद पार्श्वभूमी, ढगळ करडा कोट, गुडघ्याभोवती घट्ट गुंफलेली बोटं, आणि नजर आपल्याकडे नाहीच, कुठेतरी खाली हरवलेली. त्या हातांवरून डोळे हलत नाहीत. हे चित्र आज आपण बघू शकतो ते एका कापडवाल्यामुळे.

चित्रकार व्हेरेश्चागिनच्या तुर्कस्तान (म्हणजे मध्य आशिया, तुर्की नव्हे) चित्रमालिकेसाठी त्रेत्याकोव्हने 1874 मध्ये तब्बल 92,000 रूबल मोजले. मूकबधिर मुलांच्या शाळेलाही तो सढळ हाताने पैसे देत असे, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आणि 1892 मध्ये सगळा संग्रह, भाऊ सेर्गेईच्या चित्रांसकट, मॉस्को शहराला देऊन टाकला.

टॉलस्टॉय मात्र चित्रासाठी बसायला कित्येक वर्षं तयार नव्हता. अखेर 1873 मध्ये चित्रकार क्रामस्कोयने त्याला राजी केलं, तेव्हा कुठे निळ्या सदऱ्यातला तो टॉलस्टॉय त्रेत्याकोव्हला मिळाला.