‘जडत्व’मधलं ‘जड’ म्हणजे नक्की काय?

सोलापुरात नववीला विज्ञान शिकवते. गतीच्या नियमांचा धडा आला की दरवर्षी वर्ग एकाच शब्दापाशी अडतो. ‘जडत्व म्हणजे काय रे?’ विचारलं की निम्मी मुलं सांगतात, ‘वस्तू जड असणं.’ त्यांचं तरी काय चुकलं? घरात घागर जड, दप्तर जड, ताप आला की डोकं जड. पुस्तक म्हणतं, थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते, बाहेरून असंतुलित बल लागेपर्यंत. यात वजनाचा कुठे पत्ताच नाही. मग हा शब्द चुकीचा निवडला गेला का?

• ताई, शब्द चुकीचा नाही. संस्कृतात ‘जड’ म्हणजे थिजलेलं, मंद, चेतना नसलेलं. ‘जड-चेतन’ ही जोडी आपण आजही बोलतो, तिथे दगड जड असतो तसं वाळलेलं पानही जडच. भागवतातला जडभरत आठवा. तो वजनाने भारी होता म्हणून जड नव्हे, मूढासारखा वागायचा म्हणून जड. ‘जड’चा ‘वजनदार’ हा अर्थ मराठीत रोजच्या बोलण्यात पुढे आला आणि मूळ अर्थ मागे पडला. जडत्व म्हणजे स्वतःहून आपल्या अवस्थेत बदल करता न येणं. आणि गोष्टही नेमकी उपयोगाची आहे: राजाची पालखी खांद्यावर वाहताना पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून भरत जपून पाऊल टाकतो, पालखी अडखळते आणि आतल्या राजाला गचके बसतात. पालखीची चाल बदलली तरी राजाचं शरीर आधीच्याच वेगाने जाऊ पाहतं. वर्गात जरूर सांगा.

• मी सोलापूरच्या पूर्व भागातला, आमच्या घरी यंत्रमाग होते. मुलांना धोटा दाखवा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. एका बाजूने दांड्याचा फटका बसतो आणि धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीत जातो. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, मधल्या वाटेत त्याला कोण ढकलतं? ते म्हणाले, ‘कोणी नाही. एकदा निघाला की निघाला, थांबवायला मात्र पलीकडे पेटी लागते.’ घर्षण त्याचा वेग थोडा खातं, पण पुढे ढकलणारं तिथे काही नसतं. एखादा धोटा वाट सोडून मागाबाहेर उडाला की सगळ्यांना धडकी भरायची, कारण त्याचं टोक लोखंडी आणि तो उडतो तो सरळ. धोट्यात आडव्या धाग्याची कांडी बसवलेली असते; भरल्या कांडीचा धोटा आणि रिकाम्या कांडीचा धोटा हातात घेतला तरी फरक कळतो. फटका तेवढाच बसला तर भरलेला कमी वेग घेतो.

• शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. जडत्वाचं माप म्हणजे वस्तुमान. म्हणजे ‘जास्त वस्तुमान, जास्त जडत्व’ एवढ्यापुरतं मुलांचं उत्तर बरोबरच आहे. घोळ होतो तो वजनाशी. ६० किलोच्या माणसाचं वजन इथे साधारण ५८८ न्यूटन, चंद्रावर त्याच्या एक षष्ठांश, म्हणजे ९८च्या आसपास. वस्तुमान तिथेही ६० किलोच, म्हणून त्याला ढकलून वेग द्यायला बलही इथल्याइतकंच लागणार.

आणखी एक. जडत्वाला इंग्रजीत ‘इनर्शिया’ म्हणतात; लॅटिनमधल्या या मूळ शब्दाचा अर्थही आळस, सुस्ती असाच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो शब्द वस्तूच्या हलण्याच्या अनिच्छेसाठी वापरला. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथात त्याचा आवाका वाढला आणि एकसमान गतीत राहणंही त्यात आलं. म्हणजे लॅटिन शब्दातही अर्थाची हीच अडचण होती, ती सोडवली व्याख्येने.

• तिघांचेही मनापासून आभार. ‘अनिच्छा’ हा शब्द मात्र मी वर्गात टाळणार, नाहीतर धोट्याला इच्छा असते असं मुलं लिहितील. फळ्यावर आधी ‘जड × चेतन’ लिहीन, मग धोट्याबद्दल विचारीन. वर्गात निम्म्यांच्या घरचं कोणी ना कोणी मागावर काम केलेलं आहे, उत्तर त्यांच्याकडूनच येईल. काका, एखादा जुना धोटा असला तर दोन दिवसांसाठी द्याल का?

• दोन आहेत. भरलेल्या कांडीसकट घेऊन येतो.