ओढ्यातले किडे कशाने जातात, गाळाने की खताने?

ओढेकाठ:
मुळशीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या ओढ्यात मी बरीच वर्षं दगड उलटून पाहतोय. चांगल्या दगडाखाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं असतात: चपटं अंग, मागे तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना सारखे फडफडणारे कल्ले. शेजारी वाळूचे कण रेशमाने चिकटवून घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी. तीन वर्षांपूर्वी वरच्या डोंगरावर बंगल्यांचे प्लॉट पडले, जेसीबीने उतार कापले. आता थंडीतही पाणी तांबडं. दगड उलटावा तर तो गाळात रुतून बसलेला, खाली किड्याला शिरायला फटच नाही. सांडपाण्यावर, खतांवर सगळे बोलतात. पण आमच्याकडे घात केला तो गाळाने.

भातखाचर:
दादा, राग मानू नका, पण हे पटत नाही. आषाढात आमच्या नद्या आजोबांच्या काळापासून तांबड्याच. चिखलणी झाली की आमच्या खाचरातलं पाणीही ओढ्यालाच जातं. गाळाने किडे मरत असते तर चढणीच्या माशांच्या पिल्लांनी इतकी वर्षं खाल्लं काय? अशी चर्चा निघाली की शेवटी बोट शेतकऱ्याकडेच वळतं, म्हणून बोलतोय.

ओढेकाठ:
बोट तुमच्याकडे नाही. पुराचं पाणी जोरात असतं, गाळ आणतं तसं दगड धुऊनही जातं. डिसेंबरात धार बारीक, आलेला कण जागीच बसतो. कल्ल्यांवर बसतो, पाण्यात जाळं विणून खाणं पकडणाऱ्या अळ्यांची जाळी त्यानेच बुजते. आषाढातला गाळ किड्यांच्या अंगवळणी पडलाय, हिवाळ्यातला नाही.

नदीवेडी:
तुमच्या ओढ्यापुरतं खरं असेल, पण पुण्याच्या खाली येऊन बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. हे पट्टे बीओडीवरून, म्हणजे सेंद्रिय घाणीवरून ठरतात. मुठेच्या दगडावर हात ठेवला तर सांडपाण्यावर पोसलेल्या शेवाळाचा बुळबुळीत थर लागतो. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच ओढून घेतं, त्यात सांडपाणी कुजतं ते वेगळंच. पहाटेपर्यंत मेफ्लाय गुदमरते. उरतात त्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनातही तगतात. किडे भरपूर दिसतात, पण एकाच जातकुळीचे. आधी मैलापाणी थांबवा, गाळाचं नंतर.

ओढेकाठ:
ताई, शहराखालच्या नदीबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पण "नंतर" मान्य नाही. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी नदीकाठी छोटे पाट करून त्यात गाळ आणि खत वेगवेगळं आणि एकत्र सोडून पाहिलं. थोड्या खताने काही किडे वाढले, बारीक गाळाने मात्र बहुतेक घटले. आणि ही दोन दुखणी वेगळी काढता येत नाहीत. खतातलं नायट्रेट पाण्यात विरघळून जातं, पण स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणाला चिकटून येतं. माती अडवली की खताचाही मोठा वाटा अडतो. वरच्या ओढ्यांत किडे शिल्लक राहिले तर उद्या मुठा सुधारल्यावर तिथे परत यायला कोणी असेल. वरचेच संपले तर येणार कुठून?

नदीवेडी:
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. तरी पैसा एकदाच खर्च करायचा असेल, तर मी मैलापाण्याच्याच बाजूची.

भातखाचर:
स्फुरदाचं ऐकून वाईट वाटलं. डीएपीची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, गोणी काय भावाने आणतो ते आमचं आम्हाला ठाऊक, आणि ती ओढ्यात जायची! बांधाला गवत राखायला माझी ना नाही, वैरणही होते. पण प्लॉटवाल्याने कापलेला उतार उघडा ठेवायचा आणि गवत मी लावायचं, हे चालणार नाही. दिवाळीनंतर माझ्याकडे या. एक दगड माझ्या खाचराखालचा उलटू, एक त्या प्लॉटखालचा, एकाच सकाळी. फोटो इथेच टाकू.

ओढेकाठ:
येतो. पांढरी थाळी आणि भिंग मी आणतो.