नेपाळातल्या विश्वासी (ख्रिस्ती) कुटुंबांच्या भेटी : अनुभव लिहा

सलाम. आपल्या मंडळ्यांतून काही गट नेपाळला भेटीसाठी निघत आहेत. जाऊन आलेल्यांनी नवख्यांच्या उपयोगाचं, नेमकं लिहावं. प्रवासवर्णन नको.

पाळक, अहिल्यानगर

आधी कायदा. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करवणं किंवा तसा प्रयत्न करणं गुन्हा आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. म्हणून तिथल्या पाळकांचं बोलावणं असेल तरच जा, आणि ते नेतील त्याच घरी जा. चौकात पत्रकं वाटू नका, वाटेत भेटलेल्या आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका. शेजारी येऊन बसले तर नमस्ते करा, चहा घ्या, पीकपाण्याचं बोला; बायबलचं वचन घरच्याच माणसाला वाचू द्या. आपण चार दिवसांत परततो. तक्रार झालीच तर पोलीस चौकीच्या खेपा तिथल्या पाळकांना घालाव्या लागतात.

पैसेही कुणाच्या हातात देऊ नका. आमिष दाखवलं हा आरोप तिथूनच सुरू होतो. द्यायचं ते मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन. घरी नेताना फळं, बिस्किटं पुरेत.

सिस्टर, मिरज

डोंगराळ गावात दिवसाला तीन घरं, फार तर चार. नकाशावर जवळ दिसणारं घर प्रत्यक्षात तासाभराच्या चढावर असतं. गावाकडे सकाळचा डाळभात नऊ-दहालाच होतो. त्याआधी गुरं, चारा, पाणी. भेटीची वेळ म्हणून अकरानंतरची धरा. असारात, म्हणजे जून-जुलैत, भाताची लावणी असते. तेव्हा जाऊच नये, घरी कुणी नसतं.

चपला दाराबाहेर. चुलीजवळ आपण होऊन जायचं नाही. गुन्द्रीवर, म्हणजे पेंढ्याच्या चटईवर, मांडी घालून बसायचं, पाय कुणाकडे पसरायचे नाहीत. पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त ऐका. बऱ्याच घरांतला कर्ता पुरुष कतार, सौदी नाहीतर मलेशियात असतो. घरी बाई, सासू आणि मुलं. अशा घरी गटातली बाई आणि तिथल्या मंडळीतली दिदी, दोघी मिळूनच जातील. नवऱ्याचा फोन लागला तर त्याच्यासाठीही फोनवरच प्रार्थना करा. त्या घराला याचा केवढा धीर येतो, ते बाईच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग बायबलच्या सहा ते दहा ओव्या, एक भजन, प्रार्थना. सगळं मिळून पाऊण तास. दुभाष्या असला की दहा मिनिटांचं बोलणं वीस मिनिटांवर जातं, हे धरूनच तयारी करा. आणि मोठमोठी आश्वासनं नकोत: ‘मुलाला पुण्यात शिकायला ठेवू’ हे वाक्य ते घर वर्षभर लक्षात ठेवतं.

तरुण संघ, पुणे

व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. निव्वळ आधारवर १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानात चढू देत नाहीत. रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बस. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. भारतीय शंभराच्या नोटा चालतात. मोठ्या नोटांचा नियम बदलत असतो, निघण्याआधी विचारा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. मुख्य उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. रविवार धरून तिकीट काढलं तर तीच चुकते.

संडे स्कूल शिक्षिका, नाशिक

नेपाळी देवनागरीतच आहे, त्यामुळे आपल्याला तिथलं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येतं. स्तोत्रसंहिता तिथे ‘भजनसंग्रह’ नावाने शोधा. उतारा आदल्या रात्री तिथल्या कुणासमोर मोठ्याने वाचून घ्या, नाहीतर उच्चार भलतेच होतात. नमस्काराला ‘जयमसी’, म्हणजे ख्रिस्ताचा जय, पण अनोळखी माणसांत आधी तिथले लोक काय म्हणतात ते बघा. वयस्कांना आमा, बुबा. बरोबरीच्यांना दाइ, दिदी.

पाळक, अहिल्यानगर

दशैं, म्हणजे तिथला दसरा, त्याबद्दल राहिलं. आपल्या घटस्थापनेलाच तो सुरू होतो आणि दशमीला घरातली वडीलधारी मंडळी दही-तांदूळ-शेंदराचा टीका व जमरा, म्हणजे जवाचे कोंब, देतात. विश्वासी मुलाने तो नाकारला की आईबापांचा अपमान झाला असं धरतात. कुठे जेवण तुटतं, कुठे वाटणीवरून वाद निघतो. घरात एकटाच विश्वासी असलेल्याला याच दिवसांत सोबतीची सर्वांत जास्त गरज असते. पण भेट घटस्थापनेच्या आठवडाभर आधी उरका. नंतर बसगाड्यांत जागा नसते आणि भाऊबंद घरी आलेले असतात. टीका घ्यावा की नाही, यावर पाहुण्याने निवाडा देऊ नये. तिथल्या वडीलजनांना ते घर ठाऊक असतं. आपण त्या माणसाचं ऐकावं, त्याच्या आईबापांसाठीही त्याच्याबरोबर प्रार्थना करावी.

फोटो घराचे नकोत, दाराचेही नकोत. प्रार्थनेच्या वहीत गावाचं नाव लिहू नका, फक्त पहिली नावं. परतल्यावर महिन्यातून एकदा फोन करायचा तो शुक्रवारी संध्याकाळी, पाळकांमार्फत.