होई आन आणि जवळचे बीच : तुमचे अनुभव लिहा

व्हिएतनामला जायचं बऱ्याच जणांचं ठरतंय म्हणून हा धागा काढतेय. आम्ही मार्चमध्ये होई आनला ५ रात्री राहिलो आणि मला अगदी मनापासून वाटतं की हे गाव जवळच्या दा नांग शहरातून येऊन चार तासांत उरकायचं नाहीये. टूरच्या बसेस संध्याकाळी येतात, कंदील, होडी, फोटो, झालं. आम्ही सकाळी ६ ला बाहेर पडायचो, जपानी पुलापाशी चिटपाखरू नसायचं, पिवळ्या भिंतींवर कोवळं ऊन, एखादी आजी दारासमोर झाडतेय. दहाला उकाडा वाढला की सायकल काढून आन बांग बीच, जेमतेम ४-५ किमी, मध्ये भातशेती आणि त्रा क्वे गावातले भाजीचे वाफे लागतात, तिथे नदीतलं शेवाळ खत म्हणून घालतात. एक सांगते, हा पूर्व किनारा आहे, आपल्या कोकणासारखा सूर्य समुद्रात बुडत नाही, उगवतो! त्यामुळे एक तरी पहाट बीचवर काढाच. तुमचंही लिहा, काय चुकलं तेही.

चुकलं ते मी लिहिते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. आपला पावसाळा संपलेला म्हणून निवांत बुकिंग केलं, तर तिकडे खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातच असतो. समुद्र खवळलेला, पाण्यात उतरायला बंदी, जवळच्या चाम बेटांवर जाणाऱ्या बोटी बंद, तीन दिवस बीच नुसता लांबून बघितला. पण गाव बघितलं आणि ते विसरणार नाही. मी चिपळूणची. तान की म्हणून जुनं व्यापाऱ्याचं घर आहे, तिथे भिंतीवर कुठल्या वर्षी पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा करून ठेवल्यात, काही माझ्या डोक्याच्या वर. माळ्याला चौकोनी झरोका ठेवलाय, पाणी चढायला लागलं की कप्पीने माल वर ओढून घ्यायचा. २२ जुलै २०२१ च्या आमच्याकडच्या पुरात आम्ही कपाटं हाताने वर चढवत होतो, ते सगळं आठवलं, बराच वेळ तिथून हलवेना.

आम्ही मेमध्ये गेलेलो, मुलं ८ आणि ११. चाम बेटं नक्की करा, कुआ दाईच्या धक्क्यावरून स्पीडबोटने अर्ध्या तासाच्या आत पोचतो, पाणी स्वच्छ, मुलांनी स्नॉर्केलिंग केलं. बेटावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चालत नाहीत, कापडी न्या. कुआ दाई बीचची मात्र बरीच धूप झालीये, ठिकठिकाणी वाळूच्या गोण्या टाकल्यात, पोहायला आन बांगच बरा.

शाकाहारी लोकांसाठी, 'चाय' म्हणजे शाकाहारी, हा एक शब्द पाठ करा पण फिश सॉस नको हेही सांगा, तो सगळ्यात असतो. तिथे बरेच लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात त्यामुळे त्या दिवशी भरपूर पर्याय मिळाले. आणि चांद्र महिन्याच्या १४ व्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे घालवून कंदील लावतात, तारीख बघूनच तिकीट काढा.

'मी सन' नावाचं ठिकाण राहिलंच की! होई आनहून साधारण ४० किमी, तिथल्या जुन्या चाम राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासूनची. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीच पडली, काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केलीये, २०२० मध्ये त्या कामातच अखंड शिवलिंग सापडलं. माझी आई ७१ वर्षांची, तिने देवळाच्या उंबऱ्याबाहेर आपसूक चपला काढल्या, आत गाभाऱ्यात कुणी पुजारी नाही, फूल नाही, ती नुसती हात जोडून उभी राहिली. सकाळी लवकर निघा, नंतर विटा फार तापतात, दुपारी परत येऊन आम्ही थेट आन बांगच्या झावळ्यांच्या छत्रीखाली आडवे झालो आणि आई शहाळं घेऊन पाण्यात पाय सोडून बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही.