मदत हवी आहे: आयनिक लिक्विडमधून काढलेला सेल्युलोजचा धागा दुधी पडून तुटतोय

कापसाचं सेल्युलोज १-इथाइल-३-मिथाइलइमिडाझोलियम ॲसिटेट या आयनिक लिक्विडमध्ये (म्हणजे द्रवरूप क्षारात) विरघळवून धागे काढतेय. प्रमाण वजनाने ८ टक्के, तापमान ८० अंश. पाणी शिरलं की विरघळणं अडतं, म्हणून सेल्युलोज आधी व्हॅक्युम ओव्हनमध्ये वाळवते. द्रावण मधासारखं घट्ट आणि पारदर्शक होतं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही अख्खा तंतू उरलेला दिसत नाही. इथवर सगळं छान.

सुईतून धार पाण्यात सोडली की वरची साल लगेच धरते, गाभा मात्र बराच वेळ जेलसारखा लिबलिबीत राहतो. वाळल्यावर धागा मधूनमधून दुधी होतो आणि नेमका तिथेच तुटतो. छेद घेतला तर त्या भागात पोकळ्या दिसतात. बाकीच्या धाग्याला इतकी सुरेख चमक आहे की हे अर्ध्यावर सोडवत नाही.

बुडबुडे असतील म्हणून द्रावण व्हॅक्युमखाली ठेवलं, फरक नाही. पाण्याऐवजी इथेनॉल घेतलं तर डाग कमी होतात, पण धागा ताण सोसत नाही. धुणं रात्रभर, ३ वेळा पाणी बदलून.

सेल्युलोजचं प्रमाण वाढवता येत नाही, इतकं घट्ट द्रावण पंप ढकलत नाही. सुई सध्या पाण्यातच बुडलेली असते. मग आधी काय बदलू: पाण्यात थोडं आयनिक लिक्विड मिसळून गोठणं मंद करू, की सुई वर उचलून धार हवेत ताणून मग पाण्यात सोडू?