मदत हवी आहे: सी या प्रोग्रामिंग भाषेत स्वल्पविराम आणि देवनागरी अंक असलेला भाव कसा तपासावा?

नाशिककर मंडळी, कांदा लिलावाचे भाव (रुपये प्रति क्विंटल) फाइलमधून वाचायचे आहेत. मजकुराची संख्या करणारं एटॉय हे फंक्शन मुद्दाम टाळलंय, चुकीच्या मजकुरालाही ते शून्यच देतं. त्याऐवजी तेच काम करून चूकही कळू देणारं स्ट्रटॉल वापरतोय, बेस १० (दशमान) देऊन. बेस ० दिला की सुरुवातीच्या शून्यामुळे ०१२ अष्टमान धरला जातो आणि त्याचे १० होतात. आधी एर्नो (चुकीचा क्रमांक ठेवणारं चल) शून्य करतो, मग एंडपॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) सुरुवातीलाच अडकला का, पुढे नवओळीशिवाय काही उरलं का, एर्नोमध्ये ईरेंज (संख्या मर्यादेबाहेर) आलं का, हे बघतो.

इंग्रजी अंकांतल्या १,८५० चा मात्र १ होतो, स्वल्पविरामापाशी वाचन थांबतं. देवनागरी अंकांना तर स्ट्रटॉल हातच लावत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचा: २२४, १६५ आणि शेवटी १६६ ते १७५. तिसऱ्यातून १६६ वजा करून इंग्रजी अंक बनवतोय. बाइट ‘अनसाइन्ड चार’ या उणे किंमत न धरणाऱ्या प्रकारात घ्यावा लागतो, नाहीतर ‘चार’ हा प्रकार साइन्ड (उणे किंमतही धरणारा) असलेल्या कंपायलरवर २२४ चे उणे ३२ होतात आणि तुलना फसते.

आता अडलंय ते इथे: स्वल्पविराम सरसकट काढले तर १८,५० सुद्धा १८५० म्हणून पास होतं. शेतकऱ्याच्या पैशाचा आकडा आहे, असा अंदाज नको. शेवटचे तीन, मग दोन-दोन ही मांडणी उजवीकडून मोजत तपासावी का? आणि एकाच भावात दोन्ही लिपींचे अंक आले तर नाकारावं की चालवून घ्यावं?