मदत हवी आहे: सात वर्षांची देशी कुत्री, फार पाणी पिते, खात नाही (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. एरवी इथं नुसती वाचून जाते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची शेंगी. देशी, मादी, सात वर्षं पूर्ण, वजन 18 किलो. सासूबाई गच्चीवर शेंगा वाळत घालायच्या, त्यातल्या पळवून नेणारं एक पिल्लू होतं, ते राहिलंच. आजवर एकदा पायात काच घुसली तेवढीच, बाकी दवाखाना माहीत नाही.

दहा-बारा दिवसांपासून पाणी फार पिते. आधी मनावर घेतलं नाही, कारण सोलापूरचा मे महिना, इथं माणसंच माठाजवळून हलत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळाय की गं, पिऊ दे की." पण मग रात्री घरात शू व्हायला लागली. पिल्लूपण संपल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. भाकरी हुंगते आणि मान फिरवते. परवा दोनदा पिवळी उलटी.

दवाखान्यात नेलं. रक्त माणसांच्या लॅबला पाठवलं. हिमोग्लोबिन 10.2, पांढऱ्या पेशी 38,400, प्लेटलेट 1.9 लाख, युरिया 64, क्रिएटिनिन 1.9, साखर 96. डॉक्टर म्हणाले किडनी बिघडलीय, रोज सलाईन लावा, चिकन बंद, किडनीचं खाणं सुरू करा. आज सलाईनचा तिसरा दिवस. लावलं की संध्याकाळपर्यंत डोळे जरा उघडतात, सकाळी पुन्हा मलूल.

क्रिएटिनिन 1.9 म्हणजे किडनी कितपत गेली? चिकन खरंच बंद करायचं का, कारण आता खाल्लं तर तेवढंच चाटते. आणि पुण्याला न्यायची वेळ आलीय का? हे टूरवर आहेत, गाडी मला चालवता येते पण ही मागे ओकत असताना अडीचशे किलोमीटर एकटीनं, जरा धाकधूक वाटते.

विजापूरवेस: ताई, गोचीड ताप असणार. आपल्याकडे उन्हाळ्यात दर दुसऱ्या कुत्र्याला असतो. आमच्या टायगरला हेच झालं होतं, जेवण बंद आणि प्लेटलेट खाली. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) चालू करा, चार दिवसांत उड्या मारेल. ताप आला तर अर्धी क्रोसिन.

पाटीपेन्सिल: अर्धी क्रोसिन अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर नाहीच नाही, किडनीवर ताण असताना मुळीच नाही. (मांजरांना तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

मी पशुवैद्य आहे, पुण्यात असते. न तपासता निदान करणार नाही, पण काही प्रश्न विचारते, कारण रिपोर्टमध्ये एक आकडा बाकीच्यांशी जुळत नाहीये.

शेंगीचं ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, झालीय का? शेवटची हीट, म्हणजे माज, कधी? दिवसाला पाणी नक्की किती? "फार" नको, मोजून सांगा. सकाळी लिटरची बाटली मापून भांड्यात ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर ते उन्हावर ढकलू नये. लघवी तपासलीय का?

धागाकर्ती: नसबंदी नाही. दरवेळी करू करू म्हणत राहिलो. हीट... होळीच्या आसपास होती, गेटला गल्लीतले सगळे वीर येऊन बसले होते म्हणून लक्षात आहे. बाहेर सोडली नव्हती, गाभण राहायचा प्रश्न नाही. पाणी आजपासून मोजते.

विजापूरवेस: क्रोसिनचं माहीत नव्हतं, मागे घेतो. पण गोचीड तापाचं काय? प्लेटलेट कमीच आहेत की.

पाटीपेन्सिल: 1.9 लाख हा आकडा काठावरचा आहे. गोचीड ताप नाहीच असं म्हणत नाही, रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर थेंब पसरून, बघून घ्यायला हरकत नाही. पण त्या तापात पांढऱ्या पेशी 38 हजारांवर जाणं नेहमीचं नाही. लॅब माणसांची असल्यानं रिपोर्टवर माणसांची मर्यादा छापलेली असेल, 4 ते 11 हजार. कुत्र्यांत साधारण 17 हजारांपर्यंत ठीक धरतात. 38 हजार म्हणजे शरीरात कुठेतरी पू साठलाय का, हे शोधायला लावणारा आकडा. नुसता किडनीचा जुना आजार असता तर त्या एवढ्या वाढल्या नसत्या.

आता किडनीबद्दल. माणसांची लॅब युरिया देते, आमच्या पुस्तकांत बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, असतं. 64 ला 2.14 ने भागलं की 30 च्या आसपास येतं, म्हणजे वाढलेलं आहे पण 64 ऐकून वाटतं तेवढं नाही. क्रिएटिनिन 1.9 हेही वाढलेलंच. पण पाणी कमी पडल्यानं किंवा अंगात विष भिनल्यानंही ते तेवढं वर जातं. किडनीची पायरी ठरवायची ती जनावर स्थिर झाल्यावर, आजारी असतानाच्या एका रिपोर्टवर नाही.

नसबंदी न झालेली सात वर्षांची मादी, हीटनंतर दीड-दोन महिने, पाणी जास्त, उलटी, पांढऱ्या पेशी चढलेल्या. हे वाचून मला पहिलं नाव आठवतं पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. हीट संपल्यावर जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढं असतं, पिल्लं असोत नसोत. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, आणि आत शिरलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलाय, रान मोकळं मिळतं. त्यांचं विष किडनीला लघवी घट्ट करू देत नाही. म्हणून पाणी जास्त पिते म्हणून शू जास्त असं नाही, उलट आहे. शू थांबत नाही म्हणून ती पाणी पितेय.

मागून काही स्राव दिसतो का? नाही दिसला तरी निर्धास्त राहू नका, तोंड बंद असलेला प्रकार जास्त वाईट, कारण पू बाहेर येत नाही. उद्या सकाळी पोटाची सोनोग्राफी. चिकन चाटत असेल तर चाटू द्या. न खाणाऱ्या जनावराला पथ्य लावण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती: स्राव नाही. पण एक सांगते. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवत होते, तर त्या म्हणाल्या, "अगं पण पोट सुटलंय तिचं. खात तर काय नाही." मी रोज बघतेय आणि मला दिसलं नाही.

पाणी 24 तासांत 2,600 मिली. भागाकार केला, किलोला 144.

शेळगीकर: सोनोग्राफीसाठी माणसांच्या सेंटरला जाऊ नका, वेळ जाईल. आम्हाला दोन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं होतं. शहरात ज्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मशीन आहे त्यांना आधी फोन करा, सरकारी सर्वचिकित्सालयातही विचारा. काहीच नाही जमलं तर एक्स-रे, मोठं झालेलं गर्भाशय त्यातही बऱ्याचदा कळतं. सकाळी अकरानंतर गाडीत नेऊ नका, पाठीखाली ओला टॉवेल टाका. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

धागाकर्ती (दोन दिवसांनी): उशिरा लिहितेय, माफ करा.

सोनोग्राफी झाली. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. स्क्रीनवर काळ्या फुग्यांची माळ, मलाही कळलं की हे काहीतरी भरलेलं आहे. त्यांनी मूत्राशयातून सुईनं लघवीही काढली, घनता 1.008. पण सलाईन चालू असताना ती पातळ येणारच, असं तेच म्हणाले.

औषधांनी निभेल का, असं विचारलं, कारण सात वर्षांच्या जिवाला भूल द्यायची म्हणजे पोटात गोळा. ते म्हणाले, गर्भाशय आकसवायची इंजेक्शनं असतात, पण ती तोंड उघडं असलेल्या, धडधाकट आणि पुढे पिल्लं हवी असलेल्या मादीसाठी. शिवाय पुढच्या हीटला पुन्हा भरू शकतं. बंद तोंडाला जोर लावला तर फुटायची भीती. सकाळभर शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक, दुपारी ऑपरेशन. सव्वा किलो निघालं. मी वजनकाट्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

पहिल्या डॉक्टरांवर राग आहे का? आहे थोडा. तीन दिवस गेले. हीटबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही, मला त्याचा संबंध असतो हेच ठाऊक नव्हतं.

आज पाणी 1,100 मिली. रात्री घरात शू नाही. सकाळी भाकरी दुधात कुस्करून अर्धी खाल्ली.

पाटीपेन्सिल: वाचून बरं वाटलं. आठ-दहा दिवसांनी टाके काढताना क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशी पुन्हा बघा. पांढऱ्या पेशी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस चढ्याच राहतात, कधी आणखी वाढतात, घाबरू नका. क्रिएटिनिन खाली आलं तर किडनीचं लेबल काढून टाका. नाही आलं तर लघवीतलं प्रथिन तपासू, मग पथ्याचं बोलू. अँटिबायोटिक मध्येच सोडू नका.

विजापूरवेस: आमच्या घरी टायगरची बहीण आहे, पाच वर्षांची, नसबंदी नाही. सोमवारी दवाखान्यात घेऊन जातो. उन्हाळ्यात ऑपरेशन करावं की पावसाळा होऊ द्यावा?

पाटीपेन्सिल: ऋतूपेक्षा हीट बघा. शेवटची हीट होऊन दोन-अडीच महिने झाले असले की करून टाका.

धागाकर्ती: शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर ती दाराला आपटून आपटून फोडायच्या बेतात आहे, आणि ती घालून पाण्याच्या भांड्यापर्यंत तोंडच पोचत नाही. ह्यांचा जुना टी-शर्ट घातला तर चालेल का?

शेळगीकर: चालतो. पुढचे पाय बाह्यांतून काढा, शेपटीच्या वर गाठ मारा, शूला नेताना गाठ सोडा. सुती घ्या, आणि दोन ठेवा, एक धुवायला.